पुलाच्या अल्याड

तोताराम पाटलानं पोरगी इंदूरला दिली, पण पोरीच्या घराचा उंबरठा काही त्यानं पाहिला नाही. भांडण म्हणाल तर नाही. रुसवा नाही. जावई सोन्यासारखा, विहीण तर फोनवर दादा-दादा करून बोलायची. मधी फक्त नर्मदा होती.

आता नर्मदा काय, लोक रोज ओलांडतात. रावेर-सावद्याकडच्या अर्ध्या सोयरिकी इंदूरकडे. केळीचा ट्रक भरतो, पुलावर येतो, ड्रायव्हर खिडकीतून एक नाणं पाण्यात फेकतो, हात जोडतो, की झाला पल्याड. पण तोतारामची परकम्मा उघडी होती. परकम्मेचा नेम असा, की मैया उजव्या हाताला ठेवून निघायचं. या काठानं समुद्रापर्यंत जायचं, समुद्रात नावेवर बसून त्या काठाला लागायचं, मग उगमाकडे चालायचं, उगमाला वळसा घालून परत जिथून निघालो तिथं. मधी कुठंच ओलांडायची नाही. ओलांडली की मोडली. आणि तोताराम झाडीतून, म्हणजे काठच्या दाट जंगलातून, पार अर्ध्या रस्त्यातूनही नाही, त्याच्या अलीकडून माघारी आलेला. 'येतो परत' म्हणून आलेला. त्याला आता नऊ वर्षं झाली. पोरीचं लग्न झालं ते त्याच्यानंतर.

माघारी का आला, ते साऱ्या गावाला ठाऊक होतं. कुंदाबाईच्या अंगावरून वारं गेलं. डावा हात गेला, डावा पाय ओढायला लागला. झाडीत तोताराम तिथल्याच वना पावऱ्याच्या घराच्या ओट्यावर बसून टिक्कड खात होता, सोबत नाशिकचे ज्ञानेश्वर सर होते. तिथं फोनला रेंज नाही. वना महू वेचायला टेकडीवर गेला, तिथं त्याच्या फोनवर तोतारामच्या घरचा निरोप आला. वना धावत खाली आला आणि म्हणाला, "काका, घरी जा." तोतारामनं हातातलं टिक्कड खाली ठेवलं. दंड, म्हणजे परकम्मावाल्याची काठी, वनाच्या कुडाच्या भिंतीला टेकवून ठेवली. म्हणाला, "हे अठीच राहू दे. याच जागेवरून उचलीन." वना म्हणाला, "राहील."

ज्ञानेश्वर सर पुढं गेले, परकम्मा पुरी केली, पुस्तक लिहिलं. पुस्तक काय खपलं भो! ज्याच्या त्याच्या घरात. पुस्तक वाचून लोक नोकऱ्या सोडून काठी घेऊन निघायला लागले. आणि आता त्या पुस्तकावर पिच्चर आला होता.

त्या सकाळी दोन फोन आले.

पहिला नवलचा. नवल नरडाण्याचा, रेल्वेत गँगमन होता, रिटायर झाल्यापासून खानदेशातले सगळे परकम्मावाले त्यानं एका दोरीत ओवून ठेवलेले. "तोताभाऊ! आम्ही बठ्ठा जाई राह्यनूत. धुळानी मंडळी, अमळनेरनी मंडळी. जयगावले दुपारना शो. तुले येनंच पडी."

"मी काय करू येऊन?"

"काय करू? अरे, तू पिच्चरमा शेस! सरनी पेपरमा सांगेल शे. वनाना ओटा दखाडेल शे, झाडी दखाडेल शे. बठ्ठं तठेच जाईसन शूटिंग करं त्यासनी."

तोताराम उठून उभा राहिला. वनाचा ओटा! म्हणजे ती भिंत. म्हणजे भिंतीला टेकवलेला दंड. रोज रात्री झोपायच्या आधी तो त्या भिंतीपाशी जायचा, मनानं. पावसात कूड भिजला असंल का, वनानं घर शाकारलं असंल का, दंडाला वाळवी लागली असंल का. खिरणीचा दंड, वाळवी लागत नाही तशी.

दुसरा फोन मोहिनीचा.

"बाबा, यंदा माझं खेडीघाटला यायचं जमत नाही बहुतेक."

खेडीघाट म्हणजे पुलाचं अल्याडचं टोक. दर वर्षी पोरगी आणि जावई पूल उतरून अल्याड यायचे, हे दोघं इकडून बसनं जायचे. घाटावर शिदोरी सोडायचे. भरीत, कळण्याची भाकरी, ठेचा. संध्याकाळी पोरगी पुलावरून परत जायची. गाडीची काच खाली करून पूल संपेपर्यंत हात हालवत राहायची आणि हा घाटावर उभा राहायचा.

"काहून? तब्येत बरी हाये ना व?"

"बरी आहे. सातवा लागला ना, डॉक्टरीण गाडीत बसू देत नाही. पडून राहा म्हणते." मग जरा थांबून, "असू दे बाबा. पुढच्या वर्षी बाळाला घेऊन येईन. आईला द्या."

लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर पोरीला दिवस राहिले होते. पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत. पण माहेरी करणार कोण? एका हातानं बाळाला न्हाऊ कसं घालायचं? कुंदाबाई फोन कानाला लावून बसली. "हं," म्हणाली. "हं. तूप खाजो. हं." फोन ठेवला आणि परातीतलं पीठ उजव्या हातानं मळायला लागली. डाव्या हाताचं मनगट परातीच्या काठावर दाबून धरायची, परात सरकू नये म्हणून.

"काय म्हणे?" तोतारामनं विचारलं.

"काय म्हनंल. भेव वाटते म्हने तिले."

एवढंच. चला म्हणाली नाही. नऊ वर्षांत ती कधी चला म्हणाली नव्हती. एखादी बाई भांडली असती, अबोला धरला असता. कुंदाबाईनं कधी विषयच काढला नाही. ते न काढणं तोतारामला केळीच्या भरल्या घडासारखं खांद्यावर जड व्हायचं.

"नवलचा फोन होता," तो म्हणाला. "पिच्चरले चालते का?"

"तुमी हाये म्हने ना त्याच्यात. चालते मंग."

आणि देवघरातली कुपी तिनंच उचलली. बोटाएवढ्या बुचाची काचेची कुपी, आत मैयाचं पाणी. परकम्मेला निघताना भरलेली. दर वर्षी खेडीघाटला तोताराम त्याच्यात घोटभर नवं पाणी घालायचा, जुनं घोटभर मैयाला द्यायचा; कुपी पुरी रिकामी केली की परकम्मा मोडली. "हिले बी नेऊ," कुंदाबाई म्हणाली. "तिचाच पिच्चर हाये."

*

जळगावच्या थेटरच्या दारात ही गर्दी! धोतरवाले, पांढऱ्या दाढीवाले, नऊवारीतल्या बाया, सगळे एकमेकांना "नर्मदे हर, नर्मदे हर" करून भेटतायत. कॉलेजची पोरं बाजूला उभी राहून फोटो काढतायत. दारावरच्या वॉचमननं अभिमनला अडवलेलं. अभिमन फैजपूरचा, दोन परकम्मा झालेल्या, नेमाला असा कडक की सासऱ्याच्या तेराव्याला भजं खाल्लं नाही, का तर तेल कुठलं ठाऊक नाही.

"बाबा, बाहेरचं पाणी चालत नाही आत."

"हे पानी नाही भो. मैया हाये."

"बाटलीत काय आहे मग?"

"मैया."

"पाणीच दिसतंय की!"

"तुही माय तुले बाईच दिसते का फक्त?"

वॉचमन बिचारा गोंधळला. मागं रांग वाढत चालली. नवल मधी पडला, "अरे भाऊ, त्याले आत जाऊ दे, तो पेवाव नही ते पानी, मरी गया तरी पेवाव नही!" तेवढ्या गडबडीत कुंदाबाई पाय ओढत ओढत वॉचमनच्या पुढून आत गेली. कुपी पदराखाली. आत गेल्यावर तोतारामला म्हणाली, "बाईच्या पदराची झडती कोन घेते?"

बसायच्या आधी अर्ध्या लोकांनी चपला काढल्या. एसीच्या गारव्यात पाय आखडून बसले. अंधार पडायच्या आधी अभिमन उठून उभा राहिला आणि मागं वळून सगळ्यांना म्हणाला, "ऐका रे. पिच्चरमधे त्या ड्रोनवरून फोटो काढते. ड्रोन पाण्यावरून पल्याड गेला, तं ज्याची ज्याची परकम्मा उघडी हाये, त्यानं डोये मिटून घ्याचे."

लोक हसले. "अरे, डोयानं वलांडेल मोजतस का?" कोणीतरी धुळ्याकडचा ओरडला.

"मनानं वलांडली तरी मोडते," अभिमन म्हणाला. "डोया तं मनाच्या बी आधी जाते."

लोक पुन्हा हसले. तोताराम हसला नाही. त्यानं कुपी कुंदाबाईकडून घेऊन मांडीवर ठेवली.

पिच्चर सुरू झाला. पहिलं पाणी पडद्यावर आलं तसं सारं थेटर "नर्मदे हर" म्हणून गर्जलं. पोरं दचकली. हिरो गोरापान, मोठ्या कंपनीतला साहेब, बायको सोडून गेलेली. ज्ञानेश्वर सर शाळेत गणित शिकवायचे आणि त्यांची बायको त्यांना रोज डबा भरून द्यायची, पण असो. हिरो निघाला आणि दुसऱ्याच मिनिटाला लोकांनी कल्ला केला.

"अरे, डाव्या हाताले घेतली! उजव्या हाताले ठेव मैयाले!"

"उलटा चाल्ला तो! सांगा रे त्याले!"

"बसा हो काका खाली," पुढून कोणीतरी.

"काय बसा? पोरगं उलटं चाल्लं ना!"

मग खानदेशी काका आला. तोताराम पुढं सरकून बसला. पडद्यावर एक ढेरपोट्या माणूस, डोक्याला भलामोठा फेटा, कमरेला वांगी बांधलेली. खरंच, वांगी. झाडीत बसून भरीत करतो, मिरची चावतो आणि डोळ्यातून पाणी काढून 'काय बे, काय बे' करतो.

"हाई कोनतं खानदेश शे रे?" नवल म्हणाला. "हाऊ ते नागपूरले बी कोनी घेवाव नही!"

सारे हसले. तोतारामही हसला. दुखलं, पण हसला. त्यानं आयुष्यात कधी फेटा बांधला नव्हता. त्याची टोपी होती. परकम्मेत तर उघडं डोकं आणि उपरणं.

आणि मग झाडी आली. डोंगर, सागाची वाळलेली पानं, मधून पायवाट. हीच वाट. हे वळण. इथं सरांचा पाय घसरला होता. वळण संपलं की महूचं झाड, झाडामागं ओटा... ओटा आला. कुडाची भिंत आली. तोताराम भिंतीवर डोळे लावून बसला. पण भिंत रंगवलेली होती. पांढरी चित्रं काढलेली, घोडे नि मोर. वनाच्या भिंतीवर काही नव्हतं, फक्त शेण नि माती. आणि दंड नव्हता. डावीकडं नाही, उजवीकडं नाही. कॅमेरा घराला वळसा घालून आला, तोतारामनं सारं घर पाहिलं. नव्हताच.

"कुठी हाये?" कुंदाबाईनं हळूच विचारलं. तिला दंडाचं माहीत होतं.

"हे घर नाही ते," तो म्हणाला. "खोटं बांधलेलं हाये."

त्याच खोट्या ओट्यावर खानदेशी काकाला ताप भरला. हिरोच्या मांडीवर डोकं ठेवून तो म्हणाला की माझी कुपी समुद्रापर्यंत ने. आणि मेला. बासरी वाजली. थेटरात बाया रडायला लागल्या. धुळ्याची मंडळी रडली. कॉलेजच्या पोरीसुद्धा नाक ओढायला लागल्या. तोताराम आपल्याच मांडीवरची कुपी धरून बसला होता आणि आपलंच मढं पाहत होता.

नवल मागून वाकला. नाकातून पाणी गळत होतं, तरी म्हणाला, "तोताभाऊ, तू ते मरी गया रे."

मग हिरो कुपी घेऊन निघाला. आता जी वाट येणार ती तोतारामनं चाललेली नव्हती. ओट्याच्या पुढची, झाडीतून गुजरातकडं, समुद्राकडं. ड्रोन वर चढला, पाण्यावर आला आणि निघाला पल्याड. थेटरात इकडं तिकडं आठ-दहा जणांनी माना खाली घातल्या. तोतारामनं डोळे गच्च मिटले. आणि मिटले ते उघडलेच नाहीत. ड्रोन परत अल्याड आला असंल, पण ही वाट त्याला अशी फुकटात बघायची नव्हती. पायानं बघायची होती.

नुसता आवाज येत होता. पाण्याचा, वाऱ्याचा, चालणाऱ्या पावलांचा. मग कानाशी कुंदाबाई बोलायला लागली. अगदी हळू.

"वाळू हाये आता. निर्मळ, चांगली. बगळे हायेत... आता मोठं गाव आलं. एक बाई त्याले ताक देऊन राह्यली... आता नदी रुंद झाली. माय व, केवढी रुंद. दुसरा काठच दिसत नाही."

"समुद्र हाये तो," तोताराम डोळे मिटूनच म्हणाला.

"हा समुद्र?" तिनंही समुद्र कधी पाहिला नव्हता. मग म्हणाली, "त्यानं तुमची कुपी पान्याले लावली. झालं."

तोतारामच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी आलं. पडद्यावरच्या मेलेल्या माणसाची परकम्मा पुरी झाली होती आणि जित्याची झाडीत अडकलेली होती.

*

बाहेर आल्यावर समोरच्या टपरीवर चहा झाला. उन्हानं डोळे दिपलेले. प्रत्येकाला बोलायचं होतं, प्रत्येकाचं वेगळं.

"पाय फुटेल दखाडात नहीत," एक जण म्हणे. "तिसऱ्या दिवशी पायले फोड येतंस. त्याना पाय ते लोन्यासारखा!"

"कितनी मूर्ती म्हणून कोणी विचारलंच नाही," एक बाई म्हणाली. आश्रमात परकम्मावाले मोजताना माणसं म्हणत नाहीत, मूर्ती म्हणतात. "मला तेच ऐकायचं होतं. एवढ्यासाठी आले होते मी. ते विचारलं की सगळा थकवा जायचा."

"अन सदावर्ताची खिचडी? खिचडी कुठी गेली?"

कुणालाच पिच्चर आवडला नव्हता आणि कुणालाच तिथून निघवत नव्हतं. जो तो आपापल्या वाटेवर परत जाऊन आला होता आणि तिथं दुसरंच कोणी बसलेलं पाहून आला होता.

तेवढ्यात नवलनं ज्ञानेश्वर सरांना फोन लावला आणि मोबाईल टपरीच्या फळीवर ठेवला. सर आवाजावरूनच ओशाळलेले. "तोतारामभाऊ आहेत का तिथं? भाऊ, माफ करा मला. मी पुस्तकात खरं तेच लिहिलंय हो. तोताराम इथून घरी परतला, एवढंच. पण ते पिच्चरवाले म्हणाले, माणूस घरी परत गेला, यात काही गोष्ट नाही. म्हणाले, प्रेक्षक उठून जातील. मेला तर रडतील."

"रडले ना," अभिमन म्हणाला. "मी बी रडलो. खोटं कशाले बोलू."

"आणि तुमची कुपी त्यांनी माझ्या हातात—" सर बोलत होते.

"राहू द्या सर," तोताराम म्हणाला. "वना कसा हाये? ठाऊक हाये का?"

"नाही हो. मी परत गेलोच नाही झाडीत."

फोन बंद झाला. मग नवलला गप्प बसवेना. "आते एक गोट सांगू का तोताभाऊ? बठ्ठा खानदेशनी देखं, तू मरी गया. तुनी परकम्मा बी व्हई गयी, समुद्रले पानी बी लागनं. मरेल मानूसले कसानं बंधन? जाय आते इंदूरले! पोरना तोंडले साखर लावाले जाय!"

काय हसले लोक! अभिमनसुद्धा हसला. चहावाला हसला. तोतारामनं पण बशी तोंडाला लावून हसू लपवलं.

कुंदाबाई हसली नाही. बाकावर बसली होती, डावा हात मांडीवर ठेवून.

"हे मेले," ती म्हणाली. "मंग मी काय जित्ती होती का?"

लोकांना वाटलं, तीही थट्टाच करते आहे. एक-दोघं हसले.

"नेम यायनं घेतला," ती सावकाश म्हणाली, कोणाकडं न बघता. "मी कुठी घेतला होता? मी तं कुपी बी नाही भरली. पन मी बी नाही गेली पल्याड. पोरीनं घर बांधलं, नाही पाह्यलं. पोरीचं दोनदा पोट पडलं, मी अठी बसली. पिच्चरमधे तुमी तरी हाये, मरून का होईना. मी तं त्याच्यात हायेच नाही."

नवलनं चहाचा ग्लास फळीवर ठेवला, पण आवाज होऊ दिला नाही.

तोतारामला दोनदा पोट पडल्याचं ठाऊक नव्हतं. एकदाचं ठाऊक होतं.

त्याला वाटलं, बोलावं. की मी तुझ्यासाठी आलो माघारी, एका शब्दावर आलो, हातातलं टिक्कड टाकून आलो. पण ते तिला ठाऊकच होतं. तेच तर तिच्या तोंडाला बसलेलं कुलूप होतं. ज्या बाईसाठी माणसानं समुद्र सोडला, ती त्याला पूल ओलांड कशी म्हणणार?

परतीची बस निघाली. दोन्ही बाजूनं केळीच्या बागा, निसवलेले घड, काळ्या पिशव्या घातलेले. सावदा आल्यावर तोताराम म्हणाला, "कधी निघाचं?"

"कुठी?"

"पोरीकडे."

कुंदाबाईनं खिडकीतून बाहेर बघितलं. "तूप कढवा लागंल," ती म्हणाली. "डिंकाचे लाडू करा लागतीन. शेजारच्या पुष्पीले बोलावते हाताखाली."

*

बऱ्हाणपूरहून खंडव्याची बस, खंडव्याहून पुढची. खेडीघाटला दोघं उतरले. लाडवांचा डबा, तुपाची किटली, बाळासाठी जुन्या लुगड्याच्या दुपट्यांचं गाठोडं. कंडक्टर म्हणाला, "अरे बाबा, इंदौर का टिकट है तुम्हारा।" तोताराम म्हणाला, "पीछे से आते हैं भैया।"

सामान चहाच्या दुकानात ठेवून तो घाटावर उतरला. कुंदाबाई वरच्या पायरीवर बसली. पाणी खाली गेलेलं, चैत्राचं. दगडांवर शेवाळ वाळलेलं. तोताराम गुडघाभर पाण्यात गेला, कुपीचं बूच काढलं. काय म्हणायचं ते रस्ताभर ठरवत आला होता. मैया, चूक पदरात घे, असं काहीतरी. पण तोंडातून निघालं ते वेगळंच. "माय, पोरगी भेली हाये."

आणि कुपी उपडी केली. पाणी पाण्यात गेलं. आवाजसुद्धा झाला नाही. परकम्मा मोडायला एवढाच वेळ लागला.

तो तसाच उभा राहिला. मग वळायच्या आधी वाकून त्यानं कुपी बुडवली आणि भरली. काही ठरवून केलं नाही. परकम्मावाल्याचा हात आहे तो, रिकामी कुपी घेऊन मैयातून बाहेर निघतच नाही. पायऱ्या चढून आल्यावर कुंदाबाईनं भरलेल्या कुपीकडं बघितलं आणि काही न म्हणता पिशवीत ठेवली.

"गाडी थांबवतो," तो म्हणाला.

"गाडी नको. चालून जाऊ."

"अवं, पूल केवढा हाये! तुझा पाय—"

"तुमी साऱ्या नदीले फेरी घालत होते. मी एवढा पूल तं चालंल." तिनं आपली काठी त्याच्या हातात दिली. "ही तुमी धरा. मी तुमाले धरते."

चहावाल्याच्या पोरानं सामान मोटरसायकलवर पल्याडच्या दुकानात पोचवायचं कबूल केलं. दोघं पुलावर चढले. ट्रक अंगावरून गेल्यासारखे जात होते. वारा पदर उडवत होता. कुंदाबाई कठड्याच्या बाजूनं, उजवा पाय टाकायची, डावा ओढायची. एका ट्रकवाल्यानं हॉर्न देऊन शिवी दिली, मागच्यानं दोघांना बघून हात जोडले. तोतारामची नजर समोर डांबरावर. सवयीनं. पूल म्हटला की मान खालीच जायची त्याची.

मधोमध आल्यावर ती थांबली. दम लागला होता. कठड्याला टेकली.

"डोये उघडा ना," ती म्हणाली. "मी एकटीच पाहू का?"

त्यानं मान वर केली. एवढी वर्षं मैया त्याच्या उजव्या हाताला होती. चालताना उजव्या हाताला, झोपताना, स्वप्नात, पायांत काटा मोडला तरी उजव्या हाताला. आज ती दोन्ही हातांना होती. उजवीकडून येत होती, पायाखालून जात होती आणि डावीकडं उन्हात लांबवर पसरून निघाली होती. तिला काही झालेलं दिसत नव्हतं. जशी होती तशीच.

"तुमचा दंड कोनीकडे राह्यला?" कुंदाबाईनं विचारलं.

त्यानं काठी उचलून डावीकडं दाखवलं. मावळतीकडं, पाणी जिथं चकाकत दिसेनासं होत होतं, त्याच्याही पुढं.

ती तिकडं बघत राहिली. डोळ्यांवर हात धरून, निरखून, जणू एवढ्या लांबून ती भिंत दिसायची आहे. तोही बघत राहिला. एक ट्रक गेला, पूल थरथरला आणि थांबला.

"वना म्हने ना, राहील म्हून," ती म्हणाली.

"म्हने."

"मंग राहील." तिनं त्याचा दंड धरला, हाताचा. "चाला. पोरगी दारात उभी राह्यली असंल. डॉक्टरीन उभं राहू नको म्हने तिले."

तोतारामनं आणखी एकदा डावीकडं बघितलं आणि काठी पुढं टेकली.